मादनकुंट्याचे आठ सिंह

साडेपाचची वेळ ठरली होती. सहाला पाच कमी झाले तरी फोटोवाल्या बाईचा पत्ता नव्हता, आणि परवानगी सातपर्यंतचीच होती.

"बेळ्ळंदूरहून येणार म्हणतोस ना?" गेटावरचा गार्ड नंजुंडप्पा कानडीत म्हणाला. "मग आज येणार का उद्या, ते रिंग रोडला विचार."

एरवी कृष्णाजी हसला असता. नंजुंडप्पाच्या असल्या बोलण्यावर तो गेली अकरा वर्षं हसत आला होता. आज तो पाठीमागं हात बांधून गेटाच्या आत उभा होता आणि समोरच्या इमारतीकडं बघायचं टाळत होता. अठरा दिवसांनी त्याला आत सोडलं होतं, तेही सोबतीला म्हणून. आत उघड्या टाक्या आहेत. कुठली फरशी हलते, कुठला कठडा गंजून पोकळ झालाय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. पाणीखात्याच्या पत्रात लिहिलं होतं, 'छायाचित्रकारास सोबत करावी. कोणत्याही वस्तूस हात लावू नये.' दुसरं वाक्य कुणासाठी आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

हेब्बाळच्या पलीकडं, मादनकुंटे तळ्याच्या बंधाऱ्यावर हे जुनं पंपघर आहे. महाराजांच्या राज्यात बांधलेलं. काम शहराला पाणी चढवायचं, पण थाट देवळाचा: लाल विटांच्या कमानी, ओतीव लोखंडाच्या खांबांना वेलपानं, दारांवर रंगीत काचांचे अर्धगोल, छपराच्या टोकांना कळस. मागच्या अंगाला गाळ बसवायची टाकी, तिच्यावर अर्धगोल भिंत, आणि भिंतीवर ओळीनं आठ सिंहांची तोंडं. तळ्यातून आलेलं पाणी त्या आठ तोंडांतून वारा खात खाली पडायचं. आता जुने पंप थांबून वीस वर्षं झाली. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नवे पंप बसले. सिंह तेवढे तोंड वासून राहिले.

सगळा घोळ त्या सिंहांचा होता. जुन्या यादीत लिहिलेलं, पितळी सिंहमुखे, आठ. अठरा दिवसांपूर्वी तपासणी आली. एकानं खालून हात उंचावून पहिल्या सिंहाला लोहचुंबक लावलं, ते खट्‌कन चिकटलं. दुसऱ्याला लावलं, चिकटलं. आठही सिंहांना चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे पितळी सिंह कुणीतरी विकून खाल्ले आणि त्या जागी लोखंडी बसवून वरून रंग फासला. रंग खरवडून खात्री करावी, तर जुन्या वास्तूंच्या कमिटीचा हुकूम, जाणकार येईपर्यंत एक टवकाही काढायचा नाही. आवाराला सील लागलं, चाव्या जमा झाल्या, आणि उद्या सकाळी अकराला पोलिसात तक्रार जाणार होती. तक्रारीत नाव एकच. गेल्या साठ वर्षांत त्या भिंतीला शिडी लावणारी माणसं दोनच होती. आधी फिटर हणमंतराव, म्हणजे अप्पा, आणि मग त्यांचा मुलगा, फिटर कृष्णाजी.

आपण विकले नाहीत, हे कृष्णाजीला पक्कं माहीत होतं. त्यानंच त्याची झोप उडाली होती. आपण नाही, तर मग राहिलं कोण?

सकाळी घरातून निघताना त्यानं जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं बांगडीसारखं गोल चुंबक खिशात टाकलं, तेव्हा बायकोनं पाहिलं. कस्तुरी पाहिल्याशिवाय राहत नाही.

"आपल्या हातानं लावून तर बघा," ती म्हणाली. "चिकटलं तर चिकटलं."

"चिकटलं तर अप्पा चोर ठरतात गं."

"आणि न्हाई लावलं तर तुमी."

तो चपला घालून बाहेर पडला.

कृष्णाजीचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आलं, असं घरात सांगतात. फौजेत काय करत होते ते कुणी सांगत नाही. कृष्णाजीचा अंदाज, घोड्यांना पाणी पाजत असावेत. नाहीतर पुढं सगळं खानदान पाण्याच्याच मागं का लागलं असतं? चामराजपेटेत शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. चुलीपाशी मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मराठी त्याला लिहिता येत नाही, आणि तो बोलतो ती ऐकून पुण्याकडचा माणूस मान तिरकी करतो. चोविसाव्या वर्षी तो अप्पांच्या हाताखाली लागला. पाना कसा धरायचा हे अप्पांनी कधी सांगितलं नाही; चुकीचा धरला की बोटांवर फटका द्यायचे. छत्तीस वर्षांत तो असा तयार झाला, की पंपावर तळहात ठेवून सांगायचा, बेअरिंग अजून वीस दिवस काढेल, एकवीस नाही. बोललेलं खरं व्हायचं. इंजिनिअर बदलले, खात्याच्या गाड्या बदलल्या, पण पहाटे तीनला पाणी का चढत नाही हे विचारायला फोन त्यालाच यायचा. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. शेडमधली पोरं हार आणणार होती. आता ती पोरं त्याच्याकडं बघताना नजर फरशीला लावत होती.

सहा वाजून सात मिनिटांनी ऑटो थांबली. खांद्यावर दोन पिशव्या, हातात कॅमेऱ्याचं तिकाटणं, अशी एक तिशीच्या आतली मुलगी जवळजवळ उडी मारूनच उतरली.

"सॉरी, सॉरी! मारथहळ्ळीला एक तास अडकले," ती हिंदीत म्हणाली. मग फोन कानाला लावून मराठीत कुणाला तरी ओरडली, "अरे पोचले मी, नंतर बोलते!"

कृष्णाजीनं वर पाहिलं. "मराठी काय तुमी?"

"अय्या! काका, तुम्ही पण?" तिचा चेहरा उजळला. "मी सिद्धी. पुण्याची. इथं मराठी माणूस भेटेल असं वाटलंच नव्हतं."

"आमी हितं साडेतीनशे वर्षं हाय. तुमी कवा आला?"

"चार वर्षं झाली."

"मग तुमीच नवीन की हो."

सिद्धी बेळ्ळंदूरला एका कंपनीत संगणकाचं काम करायची आणि सुटीच्या दिवशी जुन्या विहिरी, हौद, पंपघरांचे फोटो काढत फिरायची. या एका संध्याकाळच्या परवानगीसाठी तिनं तीन महिने खेटे घातले होते. सिंहांचं प्रकरण तिला ठाऊक नव्हतं. नंजुंडप्पानं तिचं पत्र दोनदा वाचलं आणि घड्याळ दाखवलं. "सात म्हणजे सात. साहेबांची गाडी येते. आणि मुट्टबेडी." मग या पुण्याच्या अक्काला कळावं म्हणून स्वतःच्याच एका हातावर दुसऱ्या हातानं चापट मारली. हात लावायचा नाही.

"काका, माझा खरा फोटो समोरून आहे," झपाझप चालता चालता सिद्धी सांगत होती. "सूर्य बुडाला की वीसेक मिनिटं मिळतात. बाहेरचं आकाश निळं होतं, आत पिवळा बल्ब असतो, आणि दोन्ही उजेड एकसारखे होतात. तेवढ्यातच त्या काचा दिसतात. आधी काढला तर आकाश पांढरं फटक, नंतर काढला तर काळं."

कृष्णाजीला हे पटकन कळलं. "दोनी बाजूचा दाब सारका झाला की वॉल्व बोटानं फिरतो. तसं."

"एक्झॅक्टली!"

"स्वल्प थांबा, तिथं पाय नको. ती फरशी हलती. खाली बारा फूट हाय."

नंजुंडप्पानं आतले दोन बल्ब लावले. आकाश अजून पांढरंच होतं. सिद्धीनं आभाळाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाली, "अजून दहा मिनिटं आहेत. तोवर मागचे सिंह करू."

कृष्णाजीचा पाय जागेवरच थांबला. पण सोबत करावी असं लिहिलं होतं. तो निघाला.

मागं सावली केव्हाच उतरली होती. अर्धगोल भिंतीखाली तीन हात रुंदीचा कट्टा, कट्ट्याच्या कडेला कोरडी टाकी, तिच्या तळाशी फुटक्या विटा आणि एरंडाची झुडपं. आठही सिंह हिरव्या रंगाखाली गुळगुळीत, झोपेतून उठवल्यासारखे सुजलेले. सिद्धीनं तिकाटणं रोवलं आणि खिशातली बॅटरी कृष्णाजीच्या हातात दिली.

"समोरून नका मारू. भिंतीला चिकटून उभे राहा आणि कडेनं मारा. समोरच्या उजेडात सगळं सपाट होतं. दिवसा तर काहीच कळत नाही. तिरका उजेड लागला की उंचवटा न् उंचवटा वर येतो."

त्यानं कडेनं उजेड धरला. कॅमेरा चार सेकंद गप्प बसला, मग खट्ट वाजला. सिद्धी पडद्यावर वाकली. आधी खुशीत, मग कपाळाला आठी घालून.

"काका, हे काय आहे? बघा ना. आयाळ वाटत होती मला, पण मानेला साप गुंडाळल्यासारखं आहे. गोल गोल, एकावर एक."

कृष्णाजीनं पाहिलं. पडद्यावर सिंह कपाएवढा होता. नाक, गाल, कपाळ गुळगुळीत. आणि मानेभोवती वळसेच वळसे. पन्नास असतील, साठ असतील. काही सुटे, काही रंगानं एकमेकांत मिसळलेले. कानामागं एक पिळलेली गाठ स्पष्ट दिसत होती. ती गाठ त्याची होती. तो नेहमी डावीकडं पिळायचा.

त्यानं पडदा डोळ्यांजवळ ओढला. मग तो एकदम ओरडला. "अय्यो देवा. तार."

"काय?"

"आयुधपूजेची तार, अक्का! लोखंडी तार! आमीच बांधलेली!"

दर वर्षी खंडेनवमीला आधी सगळ्या आवाराला रंग, मग पूजा, मग पंपांना, पान्यांना, शिड्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. सिंहांच्या गळ्यात हार असायचेच, आणि हार वाऱ्यानं पडू नये म्हणून बांधायची बारीक तार. अप्पांचा दंडक होता, पूजेला बांधलेलं सोडायचं नाही. फुलं वाळून गळायची, तार राहायची. पुढच्या वर्षी तिच्यावरूनच रंग, रंगावरून नवा हार, नवी तार. अप्पांची वर्षं, मग त्याची छत्तीस. या हातांनी त्यानं सिंहांना लोखंडाचा पट्टा चढवला होता आणि त्याला आयाळ समजून बसला होता.

"तपासणीवाल्यांनी हितंच चुंबक लावलं," तो मानेकडं बोट दाखवत म्हणाला. "खालून हात हितवरच पोचतो! तारेला चिकटलं ते! सिंहाला न्हवं!"

मग त्यानं तिला बाकीचं सांगितलं. यादी, सील, उद्याचे अकरा. अप्पांचं नाव घेताना थोडा अडखळला. ऐकता ऐकता सिद्धीनं एकदा मान वळवली. पंपघराच्या छपरावर आकाश निळं व्हायला लागलं होतं. सहा एकतीस.

"पण काका, तार लोखंडी आहे एवढंच झालं," ती सावकाश म्हणाली. "आतला सिंह पितळी आहे हे कुठं झालं?"

तेच तर. कृष्णाजीनं खिशातलं चुंबक काढलं. "नाकाला लावून बघायला पायजे. नाकाला तार न्हाई."

"मग लावा ना."

त्यानं चुंबक मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"काका?"

"चिकटलं तर?"

सिद्धीनं कॅमेऱ्याचं बटण उगाच पुसलं.

नंजुंडप्पा मागून आला होता. "काय चाललंय? मुट्टबेडी म्हटलं ना!"

कृष्णाजीनं त्याला पडदा दाखवला, कानडीत भराभर सांगितलं. नंजुंडप्पानं डोळे बारीक करून तारा पाहिल्या. दर नवमीला प्रसादाची मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खाणाऱ्यांत तोही असायचा.

"हात लावणार नाही," कृष्णाजी म्हणाला. "चुंबक दोऱ्याला टांगतो, ओळंब्यासारखं. नाकाशेजारी धरतो. लोखंड असलं तर ओढलं जाईल, पितळ असलं तर सरळ लोंबेल. अक्का फोटो काढतील. सिंहाला बोटसुद्धा लागणार नाही."

"आणि शिडी?"

"शिडी भिंतीला लागते."

"तू फिटर कशाला झालास? वकील व्हायचं," नंजुंडप्पा चिडून म्हणाला, आणि शेडकडं जाऊन बांबूची शिडी तोच खांद्यावर घेऊन आला.

टॉवेलाच्या काठाचा दोरा ओढून कृष्णाजीनं चुंबक बांधलं. कट्टा अरुंद, म्हणून शिडी जवळजवळ उभीच ठेवावी लागली. पाठीमागं टाकी. तो चढला. नंजुंडप्पानं एका पायानं शिडी दाबली आणि हातात बॅटरी धरली. कृष्णाजीनं आधी दोरा मानेपाशी नेला. चुंबक तिरकं झालं आणि टक्‌कन तारेला जाऊन बसलं. सिद्धीनं तो फोटो घेतला. मग त्यानं चुंबक सोडवलं, दोरा वर उचलला आणि नाकाच्या शेंड्यापाशी आणला. आणला आणि डोळे मिटून घेतले.

"हलू नका," सिद्धीचा आवाज आला.

"ओढतंय?"

"बोलू नका. तीन... चार." खट्ट. "काका, सरळ आहे. एकदम सरळ!"

त्यानं डोळे उघडले. नाकापासून गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर चुंबक शांत लोंबत होतं. त्यानं ते हलकेच नाकाला टेकवलं. सुटलं. कपाळाला टेकवलं. सुटलं. त्याच्या छातीतून असा काही श्वास निघाला की शिडी हलली.

"बेग, बेग!" नंजुंडप्पा खालून घाई करत ओरडला. "सहा अडतीस!"

दुसरा सिंह. शिडी उचल, लाव, दाब. तळ्याकडून वारा सुटला आणि चुंबक घड्याळाच्या लंबकासारखं हलायला लागलं. एक फोटो वाया गेला, दुसरा गेला. कृष्णाजीनं टॉवेल डोक्यावरून घेऊन आडोसा केला, तेव्हा कुठं चार सेकंद मिळाले. सरळ. तिसरा, सरळ. चौथ्यापाशी शिडीचा पाय कट्ट्याच्या कडेवरून घसरला, एक वीट टाकीत पडली आणि तळाशी जाऊन फुटली.

"उतर," नंजुंडप्पा म्हणाला. "फोटो नको अन् काही नको. साठीला आलास."

"धर तू." सरळ.

समोर पंपघराच्या रंगीत काचा पेटल्या होत्या. लाल, पिवळ्या, मोरपंखी. वर आकाश शाईसारखं निळं, आणि दोन्ही उजेड तोलून धरल्यागत सारखे. सिद्धीनं एकदा तिकडं पाहिलं. कृष्णाजीनं शिडीवरून ते पाहिलं.

"जा, काढून या की," तो म्हणाला. "तीन महिने खेटे घातलेत म्हणता."

"तिकडं तिकाटणं लावून परत यायला पाच मिनिटं जातील. पाचवा घ्या, काका."

पाचवा, सहावा, सातवा. सगळे सरळ. सातव्याला कृष्णाजी अठरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. "अप्पा," तो सिंहाला म्हणाला, "शिव्या घाला मला. तुमच्यावर शंका घेतली." सहा बावन्न झाले होते.

आठव्याला त्यानं दोरा सोडला. चुंबक जरासं फिरलं, नाकाकडं कललं, आणि टक्.

त्याला वाटलं, वारा. त्यानं सोडवलं. कपाळाला नेलं. टक्. हनुवटीला. टक्. तार नव्हती तिथंही, टक्.

शिडीच्या वरच्या पायरीवर, सिंहाच्या तोंडासमोर तोंड करून उभ्या कृष्णाजीला अप्पांचा आवाज आठवला. दर नवमीला सात सिंह रंगवून झाले की ते म्हणायचे, 'उतर तू. आठवा माझा.' स्वतः चढायचे. गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा. मोठ्या माणसाचा मान म्हणून कृष्णाजी बादली हातात देऊन बाजूला व्हायचा. अप्पा निवृत्त झाल्यावर आठवा त्याच्याकडं आला, तोवर त्यावर इतका रंग चढला होता की आठही भाऊ भाऊ दिसत होते.

पहिल्यापासूनच एक लोखंडी आला असेल. नाहीतर फुटला असेल, बदलला असेल आणि यादीत लिहायचं राहिलं असेल. नाहीतर तिसरं, जे तपासणीवाले म्हणत होते. अप्पा जाऊन बारा वर्षं झाली होती.

"काका," सिद्धी हळू आवाजात म्हणाली, "उजेड गेला म्हणून सांगता येईल. सात आहेत आपल्याकडे. खोटंही नाही ते, खरंच गेलाय."

"सात म्हणजे सात," नंजुंडप्पा म्हणाला. मराठी त्याला येत नव्हती, पण आकडे आणि चेहरे त्याला कळले होते. "आठव्याची तब्येत बरी नव्हती म्हण."

कृष्णाजी शिडीवरच राहिला. जाणकार आज ना उद्या येणार, रंग निघणार, हे त्याला कळत होतं. तेव्हा बघू असंही म्हणता आलं असतं. तोवर तो घरी बसलेला असता, आणि अप्पांच्या तसबिरीला रोजचा हार पडला असता. सात फोटो दाखवून आठव्याबद्दल गप्प बसायचं, म्हणजे 'उतर तू, आठवा माझा' हे पुन्हा एकदा म्हणायचं, या वेळी त्यानं स्वतः.

"नंजुंडप्पा, बॅटरी नीट धर. हलतीय." मग मराठीत, "घ्या अक्का."

"नक्की?"

"आठ लिवलेत. आठ काढा."

त्यानं चुंबक पुन्हा सोडवलं आणि नाकापासून दोन बोटं लांब धरलं. दोरा तिरका ताणला गेला, जणू सिंह तोंडानं ओढत होता. सैल सोडला असता तर चुंबक चिकटून बसलं असतं. धरून ठेवायला ताकद लागत होती. त्यानं दुसरा हात शिडीवरून काढला आणि मनगटाला आधार दिला. आता त्याला धरणारं काहीच नव्हतं, फक्त नंजुंडप्पाचा पाय.

"एक," सिद्धी मोजायला लागली. "दोन..."

चार सेकंद.

गेटाकडं जाताना तिनं पंपघरासमोर दोन मिनिटं तिकाटणं लावलंच. आकाश काळं झालं होतं. फोटोत छप्पर नाही, कळस नाहीत, नुसत्या काचा अधांतरी आल्या. "काचा आल्यात," ती म्हणाली आणि कॅमेरा पिशवीत घातला. साहेबांची गाडी सात वाजून दोन मिनिटांनी आली तेव्हा शिडी शेडमध्ये होती आणि नंजुंडप्पा खुर्चीत बसून पायाचा घोटा चोळत होता.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला कृष्णाजी भव्या मॅडमच्या टेबलासमोर उभा होता. त्या विभागाच्या इंजिनिअर. तक्रारीचा कागद सहीसाठी त्यांच्यासमोरच पडला होता. सिद्धीनं रात्रीच फोटो छापून चामराजपेटेत पोचवले होते. मॅडमनी पहिला फोटो पाहिला, तारांवर बोट फिरवलं. सात फोटो एकाखाली एक ठेवले. आठवा हातात घेतल्यावर चष्मा काढला.

"हा कशाला आणलात?"

"आठ आहेत, मॅडम."

"शिडी लावायची परवानगी नव्हती."

"नव्हती."

त्यांनी तक्रारीचा कागद उचलून फाइलच्या तळाशी सरकवला आणि कोरा कागद पुढं ओढला. "जाणकार येतील तेव्हा सातांचं बघतील. या एकाचं मला आजच लिहावं लागेल. तारेचे वळसे यालाही तेवढेच आहेत, म्हणजे बदलला असेल तर तो तुमच्या आधी. तुमच्या आधी इथं फिटर कोण होते, हे विचारलं पाहिजे मला."

"हणमंतराव," कृष्णाजी म्हणाला. "माझे वडील. आठव्याला ते मला हात लावू देत नव्हते. का, ते माहीत नाही. हे पण लिहा."

मॅडमनी लिहिलं. त्यानं खाली कानडीत सही केली.

घरी पोचला तेव्हा कस्तुरी दारातच उभी होती. शिंप्याचं मशीनही थांबलं होतं; खालून वर कान लागलेले.

"काय झालं?"

"माझं सुटलं," कृष्णाजी चपला काढत म्हणाला. "अप्पांचं अडकलं."

ती भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत राहिली. काल घातलेला हार अजून ताजा होता.

"मग आता?"

"आता तपास हुईल. तेंनी काय केलं न् काय न्हाई, ते कळंल तवा कळंल." तो पाटावर बसला. "वाढ. कालपासून पोटात काय न्हाई."